लोखंड बाहेर ठेवा

अलिबागच्या त्या खोलीच्या दारात पाटी होती:
लोखंड बाहेर ठेवा.
भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आलेली मी,
किल्ल्या ठेवल्या, घड्याळ, छत्री,
केसांतल्या पिना, मोजून सात.
तांडेलकाका म्हणाले, "चपलेत खिळा असेल, बाई."
होता.
म्हणून अनवाणीच पाहिला मी पहिल्यांदा
धाग्याला टांगलेला तो चुंबक,
श्वास रोखून धरल्यासारखा.

कुलाब्याहून हे सगळं इकडे आलं, काका सांगत होते,
कारण मुंबईत विजेची ट्राम येणार होती.
रुळांतल्या प्रवाहाने सुई चळली असती.
मी मान हलवली. सांगितलं नाही
की चुंबकांना हाकलणारी ती ट्राम
पुढे बावीस वर्षं माझ्या आजोबांनी हाकली,
आणि तिच्याच पगारातून
आमच्या घरात भौतिकशास्त्राचं पहिलं पुस्तक आलं,
फोर्टच्या फुटपाथवरून, शेवटची आठ पानं नसलेलं.

माझं काम काय, तर
सूर्याकडून एक वारा येतो
ज्याने झाडाचं पान हलत नाही.
त्यात एखादी लाट एकटीच जाते,
न फुटता, न पसरता.
तिचं गणित मांडायचं.
उपग्रहाच्या आलेखावर ती दिसते
मिलिसेकंदाच्या उंचवट्याएवढी.
पापणी लवेपर्यंत असे पन्नास होऊन जातात.
त्यातल्या एकासाठी माझी तिशी गेली.
समीकरण सुटलं तेव्हा पहाटेचे पावणेचार.
सांगणार कुणाला? गेटवरच्या झाजींना सांगितलं.
ते म्हणाले, "अच्छा हुआ. गेट खोलूँ?"

परीक्षकाने लिहिलं होतं:
लाट खरी असेलही, पण तिची कुणाला पडली आहे?
दोन वर्षं मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होते,
भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत.
आई मात्र शेजारी सांगायची, मुलगी वेधशाळेत आहे.
मग लोक लग्नाच्या तारखा घेऊन यायचे.
मांडव उघडा ठेवू की ताडपत्री टाकू, ताई?
मी म्हणायचे, टाका.

वीस सालचा ऑगस्ट. रात्री अकराला फोन.
अनोळखी आवाज, भायखळ्याहून:
"तुम्ही प्लाझ्मावाल्या मॅडम ना?
बी पॉझिटिव्ह हवाय. वडिलांसाठी."
माझा नंबर त्याला कुणी दिला, कळलं नाही.
तीस वर्षं मी तो शब्द वापरत होते.
पदार्थाची चौथी अवस्था, मुलांनो,
विश्वात जे जे चमकतं ते बहुतेक हेच.
आणि माझ्याकडे
एक पिशवीभरसुद्धा नव्हता.

समीकरणांची वही उलटी करून
मागच्या पानावर नावं लिहिली.
सतराव्या फोनला एक भेटला,
विक्रोळीचा, नुकताच उठलेला, आवाजात अजून खोकला.
रिक्षा करून गेला तो.
म्हातारा वाचला का, मी विचारलं नाही.
नंबर अजून आहे मोबाइलमध्ये,
"बी पॉझिटिव्ह" याच नावाने.
सूर्य त्या वर्षी अगदी शांत होता.
कित्येक दिवस एक डागही नाही.

चोवीस सालच्या मे महिन्यात, मध्यरात्र उलटल्यावर
तन्झिलाचा फोन, धाप लागलेली:
"मॅडम, रेघ पडतेय. पडतच चाललीय."
माझ्या निवृत्तीला चार महिने होते.
आयुष्यभर अशा वादळाची वाट पाहिली,
आणि आलं तेव्हा मी नाचणी भिजत घालत होते.
"घाबरू नको," म्हटलं, "वेळ लिहून ठेव.
पेन्सिलने. मशीनवर विसंबू नकोस."

गच्चीवर गेले. लडाखला आकाश लाल झालं होतं, म्हणे.
इथे तेच, नारिंगी-राखाडी,
बंदरातल्या क्रेनचे दिवे,
खाली कुणीतरी स्कूटर सुरू करतंय, होत नाहीये.
काहीच दिसत नव्हतं.
तरी मी केसांतल्या पिना काढल्या, का कोण जाणे,
आणि टाकीच्या कठड्यावर ठेवल्या.
चार.
आता तेवढ्याच लागतात.